सेंट मारून आलेली मुलगी

(माजी विद्यार्थी मेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



या मेळाव्यात बोल म्हणून फोन आला, तेव्हा संयोजक म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमधली आहेस, एआयवर बोल. आमच्या पोरांच्या नोकऱ्यांचं पुढं काय होणार ते सांग." मी म्हटलं, ते मलाही ठाऊक नाही, आणि बासुंदीच्या जेवणानंतर ते ऐकायला कुणी जागंही राहणार नाही. मी अत्तरावर बोलते. पलीकडं जरा वेळ शांतता. मग आवाज आला, "बरं. पण पंधरा मिनिटंच हं."

अत्तरावर बोलायचा मला काय अधिकार, असं तुम्ही विचाराल. माझी पदवी संगणकाची आहे. पण या बाबतीत आपल्या तुकडीत माझा पहिला नंबर कुणी घेऊ शकणार नाही. सेंट मारून आल्याबद्दल वर्गाबाहेर उभी राहिलेली पहिली मुलगी मीच. काही जणांना आत्ता आठवलं, हसू दिसतंय मला.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपण नववीत होतो. माझी मुंबईची आत्येबहीण सुट्टीला आली होती. तिच्याकडं निळ्या बाटलीत सेंट होता. आपल्याकडं तेव्हा 'परफ्यूम' कुणी म्हणत नव्हतं, सगळा 'सेंट'च होता आणि तो लावायचा नसायचा, मारायचा असायचा. मी तो मारला. किती मारायचा ते माहीत नव्हतं, म्हणून दोन्ही बाह्यांवर, रिबिनींवर आणि थोडा दप्तरावरही मारला. दुसऱ्या तासाला बाईंनी फळ्याकडून मान वळवली आणि विचारलं, "लग्नाला निघालीस का ग?" सगळा वर्ग हसला. मी तास संपेपर्यंत बाहेर उभी होते. पुढं वर्षभर माझं नाव 'सेंटवाली' होतं. हे नाव कुणी ठेवलं तेही मला माहीत आहे. तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय आणि त्यानं आत्ता जो डिओ मारलाय, तो मला स्टेजपर्यंत येतोय.

त्या बाई आज इथं आहेत की नाहीत, ते मी आत्ता सांगणार नाही. शेवटी सांगेन.

राग मला तेव्हाही फार आला नव्हता. मला कोडं पडलं होतं. त्याच वर्गात निम्म्या मुलींच्या वेण्यांत मोगऱ्याचे गजरे होते. उन्हाळ्यात तर वर्गात इतका घमघमाट असायचा की मागच्या बाकांवर डुलक्या लागायच्या. मोगरा चालत होता, सेंट चालत नव्हता. का? मला उत्तर मिळायला बरीच वर्षं लागली. मोगरा देवघरातून आणि परसातून येत होता. बाटली सिनेमातून येत होती. बाईंच्या नाकाला वास खटकला नव्हता, तो कुठून आला ते खटकलं होतं.

आणि तेव्हापासून मी एक धडा पक्का केला, तो मात्र चुकीचा होता. धडा असा की, हुशार दिसायचं असेल तर वास येता कामा नये. इंजिनिअरिंगला आमच्या वर्गात मुली मोजून पाच. चौकटीचा शर्ट, तेल लावून घट्ट वेणी, चष्मा. नोकरी लागली, तरी तेच. मीटिंगमध्ये माझं म्हणणं ऐकलं जावं म्हणून मी बाकी सगळं बंद ठेवलं होतं. सेंट मारून येणाऱ्या मुलीला कोड कळत नाही, असं कुणी म्हणेल या भीतीनं अडतिसाव्या वर्षापर्यंत मी एक बाटली विकत घेतली नाही. ऐकायला किरकोळ वाटतं. पण वीस वर्षं आपण स्वतःला काय नाकारत होतो, ते मोजायला बसलं की किरकोळ वाटत नाही.

आता बाबांचं सांगते. तुमच्यातल्या पुष्कळांनी त्यांना पाहिलं आहे. मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी. पांढरा बुशशर्ट, पायजमा, काळी सायकल. सांगलीत हळदीच्या हंगामात यार्डावरून गेलं की वास कसा अंगावर येतो, ते तुम्हाला सांगायला नको. बाबांच्या शर्टाची कॉलर, वह्यांच्या कडा, डब्याची पिशवी, सगळं हळदीचं. पण हे गृहस्थ संध्याकाळी हातपाय धुऊन, दिवाबत्ती झाली की एक छोटी कुपी काढायचे आणि कापसाचा फाया करून कानाच्या पाळीत ठेवायचे. उन्हाळ्यात वाळ्याचं अत्तर, दिवाळीनंतर हिना. दुसरी चैन नाही. सिनेमा नाही, तंबाखू नाही, हॉटेल नाही. इतका साधा माणूस आणि वास एखाद्या नबाबाचा.

मी वर्गाबाहेर उभी राहिले त्या दिवशी घरी येऊन रडले. बाबा काही बोलले नाहीत. शाळेच्या विरुद्ध बोलायची पद्धत आमच्या घरी नव्हती. संध्याकाळी त्यांनी फाया केला आणि उरलेलं बोट माझ्या मनगटाला पुसलं. म्हणाले, "दिवसभर अंगाला दुकानाचा वास असतो. संध्याकाळी तेवढा माझा."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. अडतिसाव्या वर्षी एका विमानतळावर कळलं.

विमानाला तीन तास उशीर होता, म्हणून परफ्यूमच्या दुकानात शिरले. तिथल्या मुलीनं माझ्याकडं एकदा पाहिलं. खादीचा कुर्ता, सपाट चपला, पाठीला लॅपटॉपची सॅक. तिनं लगेच एक बाटली काढली. "मॅडम, हे फ्रेश आहे, लाइट आहे, ऑफिससाठी एकदम सेफ." वास घेतला. नुकत्याच धुतलेल्या कपड्यांचा वास होता. वाईट अजिबात नव्हता. माझ्या कुर्त्याला, माझ्या चष्म्याला, माझ्या हुद्द्याला अगदी शोभणारा होता. मला वाटलं, हा तर दुकानाचा वास. दिवसभर अंगाला असतो तोच.

मग मी स्वतः एक बाटली उचलली. झाकण काढलं आणि मला मोठ्यानं हसू आलं. निशिगंध! आपल्याकडच्या लग्नाच्या मांडवातला, हारातला, दाट, थोडा लोण्यासारखा, मान वर करून येणारा निशिगंध. परदेशी लोक त्याला ट्यूबरोज म्हणतात आणि पॅरिसमध्ये त्याच्यावर १९४८ साली 'फ्राका' नावाचं एक गाजलेलं अत्तर झालं. ते जर्मेन सेलिए नावाच्या बाईनं केलं होतं. अत्तर बनवणारे जवळजवळ सगळे पुरुष होते, त्या काळातली ही बाई. तिनंच चार वर्षं आधी 'बँडिट' केलं होतं, कमावलेल्या चामड्याच्या वासाचं, आणि तेही बायकांसाठी. म्हणजे एका हातानं मांडव, दुसऱ्या हातानं चामडं. मला ती बाई फार आवडते.

मी निशिगंध घेतला. सोमवारी चौकटीचा शर्ट, तीच सॅक, तोच चष्मा आणि मनगटाला निशिगंध. आमच्या टीममधला एक मुलगा म्हणाला, "आज ऑफिसात पूजा आहे का?" मी म्हटलं, नाही, रिलीज आहे. त्या दिवशी कुणी मला वर्गाबाहेर काढलं नाही. कोडही चालला.

तर आज मला जे सांगायचंय ते इतकंच आहे की, वास दोन तऱ्हांनी निवडता येतो. एक, आपल्या राहणीला जुळवून. दुसरी, तिच्या बरोबर उलट. दोन्ही तऱ्हा खऱ्या आहेत. पण दुसरीचा विचार आपण करतच नाही.

जुळवून म्हणजे कसं? कडक इस्त्रीची, स्टार्चची सुती साडी आणि वाळा. उन्हाळ्याच्या दुपारी वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारल्यासारखं वाटतं. किंवा पैठणी, नथ, अंबाडा आणि मोगरा. यात चूक काहीच नाही. दोघं एकाच सुरात बोलतात, ऐकणाऱ्याला बरं वाटतं.

उलट म्हणजे कसं? भरजरी पैठणी, अंगभर दागिने, आणि वास मातीच्या अत्तराचा. कनौजला खरोखर असं अत्तर करतात. भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगमध्ये पाण्यात घालायचे, झाकण मातीनं लिंपून बंद करायचं, खाली लाकडांचा जाळ, आणि वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात उतरवायची. त्याला भपका म्हणतात. भपक्यात पूर्वापार चंदनाचं तेल असतं, ते तो वास धरून ठेवतं. पहिल्या पावसाचा वास कुपीत! शास्त्रज्ञांनी या वासाला १९६४ साली पेट्रिकोर असं नाव दिलं. कनौजच्या लोकांना नावाची गरज पडली नाही, ते विकत होते. तर एवढ्या जरीखाली ओल्या मातीचा वास आला की बाई एकदम माणसात येते.

उलटा खेळ जुना आहे. शनेलचे कपडे आठवा. सरळ, मोकळे, काळे, बिनझालरीचे. आणि तिनं १९२१ साली अर्नेस्ट बो याच्याकडून करून घेतलेलं 'नंबर ५' मात्र इतकं गुंतागुंतीचं की त्यातलं एक फूलही वेगळं ओळखू येत नाही. साधा पोशाख, भरगच्च वास. आमचे बाबा काय वेगळं करत होते? फक्त त्यांच्या अंगावर यार्डातली हळद होती.

आता मुलांसाठी, म्हणजे पंचेचाळिशीच्या मुलांसाठी. पुरुषांचा वास वेगळा, बायकांचा वेगळा, हे बरंचसं दुकानातल्या फळ्यांचं काम आहे. गेरलँचं 'जिकी' १८८९ सालचं, ते पुरुषही लावत आणि बायकाही. आखातात पुरुष सर्रास गुलाब लावतात. आपल्याकडं लग्नात दारात उभं राहून गुलाबदाणी शिंपडायचो, तेव्हा कुणी विचारलं का हा पाहुणा की पाहुणी? मनगटाला अत्तर लागायचं, सगळ्यांना एकच. तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या मित्रा, एकदा गुलाब लावून बघ. जिमचा डबा ठेव बाजूला.

थोडं कामाचं सांगते, कारण नुसत्या गोष्टी सांगून गेले तर संयोजक पुढच्या वेळी बोलावणार नाहीत.

एक, पहिल्या पाच मिनिटांवर भाळू नका. अत्तराचा वास थरांनी उलगडतो. लिंबू, संत्रं असले हलके रेणू आधी उडून जातात. मग फुलं येतात. लाकूड, राळ, कस्तुरीसारखं जे आहे ते शेवटी उरतं आणि तेच दिवसभर तुमच्याबरोबर राहतं. दुकानदार पहिली पाच मिनिटं विकतो, तुम्ही पुढचे सहा तास विकत घेता. म्हणून मनगटावर लावा, चहा पिऊन या, बाजार करा, मग ठरवा. आमच्याकडं टेस्टिंग केल्याशिवाय काही बाहेर सोडत नाहीत, तसंच.

दोन, एका वेळी तीन-चारच हुंगा. त्यानंतर नाक थकतं. दुकानात कॉफीच्या बिया देतात, त्यापेक्षा स्वतःची बाही हुंगा, नाक घरी येतं.

तीन, अर्ध्या तासानं आपला वास आपल्याला येईनासा होतो. म्हणजे तो गेला असं नाही, नाक सरावलं. तेव्हा पुन्हा मारू नका. नववीतली मी आठवा.

चार, बाटली न्हाणीघरात ठेवू नका. उष्णता आणि उजेड दोन्ही वाईट. कपाटात ठेवा. आणि अत्तर थेट रेशमावर लावू नका, डाग जात नाही.

पाच, दवाखान्यात, बंद मीटिंगरूममध्ये, विमानात हात आखडता घ्या. आपला वास हातभर अंतरावर थांबावा. पुष्कळांचं डोकं दुखतं, आणि ते सांगत नाहीत.

आणि उलटा खेळ खेळायचा तर उलटी गोष्ट एकच ठेवा. बाकीचं तुम्ही नेहमीसारखेच असा. नाहीतर खेळ उरत नाही, वेश होतो.

इथंच थांबले असते. पण या विषयावर बोलायचं ठरवलं, त्याचं खरं कारण अजून सांगितलं नाही.

बाबा २०१६ साली गेले. त्यांच्या कपाटात हिनाची कुपी मिळाली, अर्धी भरलेली. २०१९च्या महापुरात घरात कमरेएवढं पाणी आलं. फोटो गेले, वह्या गेल्या. कुपी वरच्या फळीवर होती म्हणून वाचली. मी ती पुण्याला आणली. वर्षातून एकदा, त्यांच्या तिथीला उघडायची, हुंगायची, बंद करायची. लावायची नाही. संपेल म्हणून.

२०२१च्या एप्रिलमध्ये मला कोविड झाला. घरातच बरी झाले, फार काही झालं नाही. ज्यांचं फार काही झालं ते आपल्यात आज नाहीत, त्यांच्यापुढं माझं दुखणं काहीच नव्हे. पण माझा वास गेला. महिना झाला, दोन महिने झाले. दूध नासलं तरी कळेना. गॅस चालू राहिला तरी कळेना. तिथी आली. कुपी उघडली. काही नाही. पाण्याची बाटली उघडावी तसं. मी दहा मिनिटं नाकाला लावून बसले होते. त्या दिवशी बाबा दुसऱ्यांदा गेले असं वाटलं. याहून वेगळं सांगता येत नाही.

डॉक्टरांनी नाकाचा व्यायाम सांगितला. जर्मनीतल्या एका डॉक्टरांनी, थॉमस हुमेल यांनी, ही पद्धत अभ्यासून २००९ साली मांडली होती. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक वास वीसेक सेकंद घ्यायचा, मन लावून, आणि तो वास आठवायचा. किमान बारा आठवडे. मी तक्ता केला, खुणा केल्या. इंजिनिअर माणूस, तक्त्याशिवाय रडताही येत नाही.

चौथ्या महिन्यात वास आले, पण भलतेच. कॉफीला जळक्या रबराचा, फोडणीतल्या कांद्याला सडल्याचा. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे, तारा पुन्हा जुळताहेत. मला चांगलं वाटेना. मग ऑक्टोबरात सासूबाई गोडा मसाला भाजत होत्या. मी दुसऱ्या खोलीत होते. आणि एकदम काहीतरी ओळखीचं आलं. लवंग नाही, दालचिनी नाही. जुन्या लाकडासारखं, ओल्या सालीसारखं. मी स्वयंपाकघरात गेले, ताटलीतली एकेक वस्तू हुंगली. दगडफूल होतं.

दगडफूल आपल्या गोड्या मसाल्यात असतं, आणि कनौजच्या हिना-शमामाच्या जातीच्या अत्तरांतही ते पडतं, जटामांसीबरोबर, जायफळाबरोबर. फ्रान्समध्ये याचंच एक भावंड, ओकच्या झाडावरचं, शंभर वर्षांहून अधिक काळ अत्तरांच्या तळाशी वापरतात. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मी नुसती धावत जाऊन कुपी उघडली. आणि अगदी खालून, तळातून, तेवढाच एक धागा आला.

तेव्हापासून हळूहळू बरंच परत आलंय. सगळं नाही. आणि एक शंका मनात राहिली. मला आता जो हिना येतो, तो बाबांचाच आहे, की माझ्या दुरुस्त झालेल्या नाकानं जुळवून आणलेला आहे? विचारायचं कुणाला? भाऊ तेव्हा लहान होता, त्याला आठवत नाही. आई नाही.

म्हणून आज मी पहिल्यांदा ते अत्तर लावून घराबाहेर पडले. हा साधा सुती कुर्ता, आणि मनगटाला बाबांचा हिना. कुणाला काही बोलले नाही. सकाळी चहाच्या वेळी बाकावरची माझी जुनी शेजारीण मिठी मारायला आली, आणि मिठीतच थांबली. म्हणाली, "अगं, काय झालं माहीत नाही, एकदम तुमच्या बाबांची सायकल डोळ्यांपुढं आली." ती पाचवी ते दहावी रोज संध्याकाळी आमच्याकडं अभ्यासाला यायची.

म्हणजे वास तोच आहे. मला एवढंच हवं होतं.

कुपीत अजून बोटभर आहे. मी ती बरोबर आणली आहे, कापूसही आणलाय. जपून ठेवून तरी काय करणार? आता बाहेर जाताना प्रत्येकानं हात पुढं करायचा. काडीभरच मिळेल. संपली तर संपली. इतक्या घरी एकदम पोचेल.

आणि मघाशी म्हटलं होतं ना, शेवटी सांगेन. त्या बाई इथं आहेत. पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि मघापासून पदर तोंडाला लावून हसताहेत. हळदीकुंकवाला थोरल्यांना आधी लावतात, ती रीत मोडणार नाही.

बाई, हात पुढं करता ना?